उतरलेली तार

कमलेश,

जहाजावरचा करार संपला, तो तू परस्पर वाढवलास. आणि मी पाठवलेलं गाणं ऐकून फोनवर बोलतोस काय, तर "कॉम्प्युटरवरचा बेंजो पत्र्यासारखा वाजतो, नीट कर!" लग्नाच्या हळदीत वाजवायच्या ऑर्डरी मी घेते, तुझ्या जागी कॉम्प्युटर लावून गाणी मी बसवते, वर हे ऐकायचं.

वैतागून तुझं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि बेंजोच्या आवाजाची एकेक सेटिंग बदलत बसले. मागची घुमघुम कापली, सूर चटकन उमटेल असं केलं. तरी जमेना. मग लक्षात आलं, तुझी एक तार नेहमी किंचित उतरलेली असते. तीही उतरवली. हुबेहूब तूच वाजवतोयस!

परवा शेजारच्या हळदीत तो वाजवला. तुझी आई हातातलं काम टाकून मांडवात धावत आली. "कमलेश आला व्हय?"

"न्हाय आई, कॉम्प्युटर हाय."

तरी ती कीबोर्डपाशी बसून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली, एकदाही टाळी न वाजवता.

घरी येऊन मी तो आवाज पुसून टाकला.

हे पत्र पाठवलं तर तू तारेचंच विचारशील, म्हणून पाठवत नाही. पण ती रोज विचारते, तिला काय सांगू? कधी येतोस?

तुझ्यावर चिडलेली,
रचना