बसल्यावरची उंची

प्रिय शार्दूल,

रविवारच्या फायनलपासून तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि खरं सांगतो, हलावा असं मला वाटतही नाही. तुझी गाडी चालवणारा अनुराग हेल्मेट काखेत धरून तुला काहीतरी सांगत होता आणि तू त्या चारचाकी एटीव्ही बाइकच्या पोटाखाली वाकून बघत होतास. तिसऱ्यांदा वाकलास तेव्हा मी माझी गाडी चालवणाऱ्या कादंबरीला म्हटलं, "बघून घे, शार्दूल सर गुडघे टेकतायत. रोज दिसत नाही हे."

पहाडगंजच्या मराठी शाळेत आपण एका बाकावरचे. करोल बागेतलं गॅरेज दोघांचं, पण गाडीखाली मी आणि फोनवर तू. तक्रार नव्हती, बोलणं तुलाच जमायचं. गॅरेज मोडलं तेव्हा माझी स्प्रिंगांच्या सेटिंगची वही तू "झेरॉक्स काढून उद्या देतो यार" म्हणत नेलीस. तो उद्या अजून उगवायचाय. महिन्याभरात मानेसरच्या रेसिंग टीमच्या लोकांना तू सांगत होतास, "गुणवंत बस पाना घुमाता है, दिमाग मेरा है." मी चार पावलांवर चहा पीत होतो. माझे कान कसले आहेत ते तू विसरलास. सगळे हसले. मीही हसलो, चहा संपवला. टीमचं काम तुला मिळालं.

मग मी ऐकत राहिलो. तुझ्या हातची पहिली गाडी वळणात शिरली आणि तिच्या पोटातून "धप्" असा आवाज आला. मला तेवढा पुरला. सपाट मातीचा गोल ट्रॅक, कायम डावीकडे वळायचं, म्हणजे भार सगळा उजव्या चाकांवर. उजव्या स्प्रिंगा जास्त आवळायच्या, गाडी खाली बसवायची. वहीतून हे सगळं तू बरोबर उचललंस. पण शार्दूल, त्या वहीतली जमिनीपासूनची एकही उंची रिकाम्या गाडीची नाही. चालवणारा बूट-हेल्मेटसकट बसणार, गाडी दोनदा दाबून सोडायची, मग मी फरशीवर आडवा पडून टेप लावणार. वहीत तसं लिहिलं नाही, कारण लिहायचं कशाला? गॅरेजात सगळ्यांना माहीत होतं. फोनवर असलेला एक जण सोडून. तू तेच आकडे रिकाम्या गाडीला लावलेस. माणूस बसला की ती आणखी दोन बोटं खाली जाते, आणि खड्डा आला की आपटते.

सात वर्षं मला हे ठाऊक आहे. गुळगुळीत ट्रॅकवर तू जिंकत राहिलास, मी हात मिळवत राहिलो, तुझ्या पार्टीतले छोले-भटुरे मागून घेऊन खाल्ले. एक वाक्य बोललो असतो तर तुझं भलं झालं असतं. नाही बोललो.

यंदा टीमने जाहीर केलं, ज्या मेकॅनिकची गाडी फायनल जिंकेल त्याच्या हाती टीमच्या सगळ्या गाड्या. रविवारी दुपारपर्यंत तिसऱ्या वळणावर खड्डे पडले. आयोजक माझ्या पिकल्या केसांना मान देऊन विचारायला आले, "भाईसाहब, रोलर चलवा दें?" मी म्हटलं, "रहने दो जी, सबके लिए एक जैसा है." खोटं काय होतं त्यात? मग कादंबरीला पुन्हा गाडीवर बसवलं, टेप घेऊन मातीत आडवा पडलो आणि गाडी बोटभर वर घेतली. तुझ्या समोर. तू फोनवर होतास.

पहिल्या फेरीला धप्. दुसरीला धप्. चौथीला अनुरागने त्या वळणाआधीच थ्रॉटल सोडायला सुरुवात केली. पोरगा पडला नाही याचं मला मनापासून बरं वाटलं, भांडण त्याच्याशी नव्हतंच. सहाव्या फेरीला कादंबरी त्याच्या बाहेरून सरळ निघून गेली. तिच्या गाडीच्या पोटातून आवाज आलाच नाही. ती शांतता मी जन्मभर पुरवून पुरवून ऐकणार आहे.

आता पत्राचं कारण. टीमने काल जुन्या माणसांचे अर्ज माझ्याकडे पाठवले. कोणाला ठेवायचं ते मी ठरवायचंय. तुझा सगळ्यात वर. "सस्पेन्शन सेटिंगची स्वतःची पद्धत" हे वाचताना चहा नाकात गेला. तुला ठेवतोय. सोमवारी सकाळी नऊला मानेसरला ये. माझी वही आण, झेरॉक्स नको. कपडे जुने घाल, कारण फरशीवर आडवा पडून टेप तू धरायचास. पानाही तूच फिरव. किती फिरवायचा, ते मी सांगेन.

तुझाच,
तुझ्या फोनच्या पलीकडे उभा असलेला
गुणवंत