अदलाबदलीची आज्ञा

६ नोव्हेंबर १९८९, बुलढाणा

पोचलो एकदाचा! मलकापूरला गाडीतून उतरलो, एसटीने घाट चढलो आणि वर येताच अशी गार हवा लागली की पिशवीतून स्वेटर काढून घालावा लागला. पुण्यात सगळ्यांनी घाबरवलं होतं, उन्हात भाजून निघशील म्हणून. भाजतोय कसला! अन्नपूर्णेला लगेच पत्र टाकलं की चिंगीचं कानटोपरं विसरू नकोस. काम मार्गी लागून घर लावलं की जानेवारीत दोघी इकडे येतील. दोन वर्षांच्या पोरीला सोडून राहणं सोपं नाही, मला आत्ताच करमत नाहीये.

खोली मनकर्णाबाईंकडे मिळाली. त्यांचा एकुलता मुलगा इंद्रभान माझ्या आधी याच कामावर होता. आषाढात संगणकाच्या मशीनपुढे बसल्या बसल्याच गेला बिचारा. बाई बोलायला कडक, पण तूप सढळ हाताने वाढतात. मी एकच भाकरी खाल्ली तर पुण्याची माणसं चिमणीवानी खातात काय बाप्पा, म्हणून हसल्या.

८ नोव्हेंबर

मला इथे नेमलं त्या वंशावळी जमवणाऱ्या संस्थेचे सचिव उकंडराव यांनी काम समजावून दिलं. इंद्रभानने धामणगाव बढे या गावाकडची बाराशे माणसं, कोण कोणाचा कोण यासकट, स्मॉलटॉक नावाच्या प्रणालीत उतरवली होती. तिची गंमत अशी की चालू असलेलं सगळं जगच्या जग आहे तिथे गोठवून एका फायलीत ठेवता येतं. त्या फायलीला इमेज म्हणतात. पुन्हा सुरू केली की थांबली होती तिथून पुढे चालू!

पण जुनं परदेशी यंत्र जळालं, आणि नव्याला ती इमेज कळत नाही. म्हणजे इमेज नव्या साच्यात रूपांतरित करायची, आणि नव्या यंत्राच्या पोटात जुन्यासारखं वागणारं एक खोटं यंत्र लिहून काढायचं, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. उकंडरावांना वाटतं मला वर्ष लागेल. मी काय दूधखुळा आहे?

२० नोव्हेंबर

उठलं! दुपारी दोन वाजता इमेज पडद्यावर जिवंत झाली. इंद्रभान टाइप करता करता गेला तो अर्धा शब्द तसाच होता, आणि पुढे कर्सर लुकलुकत होता. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

जेवताना मनकर्णाबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, माह्या इंद्रा हाये काय त्याच्यात? म्हटलं, हो, सगळ्या गावासोबत तोही आहे. मग तो कधी येते घरी, म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

२४ नोव्हेंबर

चाचणीसाठी यादीत एक नवा माणूस हवा होता म्हणून स्वतःलाच घातलं. प्रणाली घेईना! इंद्रभानचा नियम असा की बिननात्याचा माणूस गावात नाही. मग बायको म्हणून अन्नपूर्णा आणि मुलगी म्हणून चिंगी घातली, तेव्हा कुठे घेतलं. लेकीचं नाव पडद्यावर बघून बरं वाटलं.

आता एकच आज्ञा लिहायची राहिली, अदलाबदलीची. कुठल्याही दोन वस्तू द्यायच्या, यादीतली माणसंही चालतात. पहिलीकडे बोट दाखवणारे सगळे, नात्यागोत्यासकट, दुसरीकडे दाखवू लागतात आणि दुसरीकडे दाखवणारे पहिलीकडे. एका क्षणात.

२७ नोव्हेंबर

झाली! चाचणीला दोन माणसं घेतली, मी आणि इंद्रभान. त्याचं आता काय बिघडणार आहे, म्हटलं. एकही चूक निघाली नाही. इमेज त्याच फायलीवर सेव्ह केली आणि खुर्चीवरून अक्षरशः उडी मारली.

घरी आलो तर मनकर्णाबाईंनी दारातच बोटं मोडून दृष्ट काढली आणि इंद्रा म्हणून हाक मारली. म्हातारं माणूस, चुकून बोलल्या असतील.

२८ नोव्हेंबर

उकंडरावही इंद्रभानच म्हणाले. चेष्टा समजून मी हसलो, ते हसले नाहीत. हजेरीच्या वहीत पहिल्यापासून इंद्रभान आहे, अक्षर माझं.

घरी भिंतीवरच्या इंद्रभानच्या फोटोचा हार काढलाय. फोटोत मी आहे.

३० नोव्हेंबर

आठवड्यात अन्नपूर्णेचं एकही पत्र नाही. मले भीती वाटते.

वर 'मले' कोणी लिहिलं? मी असं बोलत नाही.

१ डिसेंबर

पोस्टातून पुण्याला ट्रंक कॉल लावला. शेजाऱ्यांनी अन्नपूर्णेला बोलावलं. मी ओरडत होतो, अगं मी, मी बोलतोय! तिने परक्या माणसाशी बोलावं तसं शांतपणे सांगितलं, यजमान आषाढात गेले, बुलढाण्याला, मशीनपुढे. त्यांचं सामान राहिलंय तिकडे, मंगळवारी न्यायला येते. मागे चिंगी रडत होती. ती माझी आहे. माझी पोर आहे ती, देवा!

आज्ञा परत चालवायची. तेवढंच. आधीची प्रत ठेवली नाही, गाढव मी, पण दोन नावं दिली की झालं.

२ डिसेंबर

वीज नाही. दिवसभर नाही.

३ डिसेंबर

वीज आली. निघालो तर मनकर्णाबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या. त्यांना सगळं ठाऊक आहे, कसं कोण जाणे. पाय धरले माझे. पोरगं गेलं तवा एकदा मेली, मले दुसऱ्या बारीनं नोको मारू, म्हणे. मी त्यांना ओलांडून गेलो. कसा गेलो, माझं मला माहीत.

यंत्राने दोन नावं मागितली. एक दिलं, इंद्रभान. दुसरं—

दुसरं माझं. माझं नाव—

अन्नपूर्णेच्या पुढे नवरा म्हणून नुसतं 'मयत' येतं. यादीतली बाराशेच्या बाराशे नावं वाचली. एकही माझं वाटेना. ही वही पालथी घातली, सगळीकडे नुसतं मी, मी, मी. एकदा तरी लिहायचं होतंस रे, मूर्खा!

४ डिसेंबर

मायनं भाकर दिली. तीन खाल्ल्या.

चिंगी. चिंगी. चिंगी. हे विसरू नको. चिंगी म्हणजे—

५ डिसेंबर

पुण्याहून एक बाई आली, लेकरू घेऊन. सामान बांधून दिलं. सदरे, स्वेटर. काऊन कोणाले ठाऊक, मले वाटते का तिले कुठंतरी पाह्यलं हाये. नवऱ्याचं नाव इचारलं. ते कसं घेऊ, म्हणे, अन् पदर तोंडाले लावला. लय रडली.

नाव भेटलं असतं त— त काय करत होतो मी?

बाई ही वही मांगून राह्यली. घरधन्याचं अक्षर हाये, म्हणते. देऊन टाकतो, माह्या काय कामाची. एसटीची वेळ झाली. लेकरानं माह्यं बोट धरलं हाये, सोडतच नाई. माही माय इंद्रा म्हणून हाक मारून राह्यली, अन् माह्या डोयाले पाणी काऊन—