तिसऱ्याची ओढ

४ मार्च
बोकोबा खुशीत! धाकट्या बहिणीचा नवरा झाला म्हणून काय झालं? गेल्या वर्षी ही ताऱ्यांची जोडी मी शोधली आणि साय यानं खाल्ली — शोधनिबंधावर नाव एकट्याचं. जाब विचारला तर म्हणे, "घाईत राहिलं."

आज त्यानं वेधशाळेत सगळ्यांना जमवून सांगितलं. एकमेकांना चिकटलेले दोन तारे, गिरक्या घेतायत. दर गिरकीला उजेड मंदावतो, आणि ते मंदावणं हल्ली वेळेआधीच होतंय. म्हणजे गिरक्या आवळत चालल्या. काही वर्षांत दोघे एक होणार, मोठा भडका उडणार! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

७ मार्च
वेधशाळेच्या तळघरातून आकाशाच्या जुन्या फोटोंच्या काचा काढल्या. धुळीनं शिंकून शिंकून जीव गेला. पण सापडलं! आजोबांच्या काळात हाच उजेड उशिरा मंदावायचा. त्याआधी पुन्हा लवकर. लवकर, उशिरा, लवकर — एकत्र येणारे तारे असे मागे फिरत नाहीत.

तिसरा आहे तिथे. मिणमिणता, कोणाला न दिसणारा. त्याच्या ओढीनं जोडी झोके घेते. सध्या आपल्या दिशेनं येतेय, म्हणून उजेड लवकर पोचतो. बस्स! भडका नाही नि बिडका नाही.

बोकोबानं काचा बघितल्याच नाहीत. म्हणाला होता, पुसत कोण बसणार?

सांगू त्याला? मुळीच नाही. फुगू दे फुगा.

८ मार्च
टाचणी माझ्याकडे आहे.

१२ मार्च
धाकटीचा फोन. त्याला आनंदानं झोप नाही म्हणे. "ताई, एकदा तू नजर घाल ना, चुकलं तर हसं होईल त्याचं." म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं! फोन ठेवल्यावर पुन्हा तिचा नंबर फिरवायला घेतला. मग 'घाईत राहिलं' आठवलं. बरं वाटलं.

१५ मार्च
उद्या पत्रकार येणार. बोकोबाचं बोलून झालं की मागून उठायचं, काच दाखवायची. चारचौघांत. कोटाला इस्त्री केली.

१६ मार्च
सभागृहाच्या दारावर कागद लावलाय — 'दोन ताऱ्यांच्या विलयाचा शोध', खाली एकच नाव. माझं!

बोकोबा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "ताई, गेल्या वेळचं पाप फेडलं. वरिष्ठांना सांगितलंय, सगळं काम तुमचंच."

नाव वगळताना विचारलं नव्हतं, घालतानाही नाही.

धाकटी पहिल्या रांगेत बसलीय. मला व्यासपीठावर बोलवायला आलेत.