जाळ्यातलं भोक शोधायची माझी पद्धत

शनिवार, ४ जानेवारी १९७५
आजपासून रोज लिहायचं. तिसरी पास आहे मी, उगाच नाही. आमची नात अनुपमा कालेजात जंतूंवर संशोधन करते. म्हणाली, आजी, जंतूच्या पोटात डीएनएची लांबच लांब दोरी असते. प्रोटीनला बसायला त्या दोरीवर एकच जागा. आत गर्दी मासळीबाजारासारखी. नुसतं तरंगत गेलं तर इतक्या लवकर जागा सापडायला नको, पण सापडते. कशी? मी म्हटलं, ह्यात काय, जाळ्यातलं भोक सापडतं तशी. डोळे मिटायचे, जाळं बोटांतून सरकवायचं. काही लागलं नाही तर सोडून दुसरीकडे धरायचं, परत सरकवायचं. पोरगी उठून उभीच राहिली. परदेशातले शास्त्रज्ञ असंच काही म्हणतात म्हणे. ते आत्ता म्हणतायत. आमच्या ह्यांना चष्मा लागला तेव्हापासून मी करते.

सोमवार, ६ जानेवारी
मी तपासलेल्या डोलजाळ्यात भोक राहिलं. बोंबील निसटले. धर्मा, माझ्या पोटचा पोर, म्हणाला, आये, रविवारी मी एक भोक पाडतो. ते तुला सापडलं नाही तर जाळी शिवदासकडे. शिवदास! शेजारचं पोर ते, त्याला धड गाठ मारता येत नाही. दोष नायलॉनचा. सुती जाळं बोटांशी बोलायचं. बोटं बधिर झालीत म्हणतात, ती थंडीनं.

बुधवार
बोटांना खोबरेल लावलं. चहा बंद करायचा. दुपारच्या चहाला कपानं बोट भाजलं, फोड आला तेव्हा कळलं. सहनशक्ती वाढलीय.

रविवार, १२ जानेवारी, सकाळी १०
धर्मानं भोक पाडलं. अनुपमा घड्याळ घेऊन बसली. सरकवलं, सोडलं, धरलं. पद्धत एकदम बरोबर. तास झाला. अनुपमा हळूच म्हणाली, “आजी, तीनदा गेलीस गं त्याच्यावरून.”
धर्मा उठला. जाळं खांद्यावर टाकून शिवदासकडे गेला.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
जाळी गेली, ओटा झाडायला सोपा झाला. अनुपमाकडे एक बिघडलेलं प्रोटीन आहे. दोरी धरतं, पण नेमक्या जागेवर आलं तरी त्याला कळत नाही, पुढं जातं. मी विचारलं, टाकून देता? नाही म्हणाली, जपून ठेवतो, त्याच्यावरूनच बाकीच्यांचं कळतं. बरं वाटलं.
तिला तिळगूळ दिला. लाडू हातातून गेला की नाही, ते खाली बघून ठरवलं. थंडी फार आहे यंदा.