चाळिसांतली अकरावी प्रत

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. कंबर धरली आहे आणि त्याला कारण तुझंच चित्र आहे, ते ओघात येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? नव्या घराला लिफ्ट आहे हे कळल्यावर आम्हाला हायसं वाटलं. घर लहान, भिंती कमी, म्हणून इतक्या वर्षांत जमवलेली छापचित्रं तू एकेक करून विकायला काढलीस, तेही कळलं. आमच्याकडे ठेवलेल्या चित्राची किंमत जाणकाराकडून काढून घे, असा तुझा निरोप होता. काढून घेतली. आकड्याकडे येतोच, पण जरा मागून सुरुवात करतो.

तू दिलंस तेव्हा चित्र जपायचं म्हणून आम्ही ते कपाटामागे ठेवलं होतं. मग बैठकीच्या भिंतीला ओल आली, त्यातच पाहुणे येणार होते, म्हणून डाग झाकायला ते तिथे टांगलं. पाहुणे गेले, चित्र राहिलं. एका सकाळी त्यावर ऊन आलं आणि मी हातातला चहा विसरलो. आत्या, तुझ्या नजरेला मानलं. एक नारिंगी चौकोन, त्याला खेटून निळा पट्टा आणि खाली थोडं पिवळं, एवढाच सगळा संसार. पण ऊन पडलं की ते नारिंगी आतून पेटतं आणि निळा त्याला जागा देत हळूच मागे सरकतो. दुपारी ऊन स्वयंपाकघरात जातं, म्हणून मी चित्रही तिकडे न्यायला लागलो, संध्याकाळी मागच्या खोलीत. चौकट भक्कम आहे (तूच निवडलीस, दुसरं काय होणार), त्यामुळे कंबर गेली. बायको आधी मला वेड्यात काढायची, मग चौकटीची दुसरी बाजू धरायला लागली.

आता तुझ्या वहिनीचं ऐक. 'याला चित्र म्हणायचं तर माझ्या फरशीच्या फडक्याला बक्षीस द्या,' असं आई म्हणाली होती. हल्ली तिची खुर्ची चित्रासमोर असते. एकदा तिने काचच काढायला लावली. म्हणे, काचेत माझंच तोंड दिसतं, ते मी जन्मभर पाहिलंय. तेव्हापासून येता-जाता ती निळ्यावरून बोट फिरवते. तुझी निवड चांगली आहे असं तिने अजून कबूल केलेलं नाही, आणि तू तशी आशाही धरू नकोस.

तर किंमत काढणारे गृहस्थ आले. पांढरे हातमोजे, भिंग, बारीक आवाज. चित्राकडे न पाहता त्यांनी आधी खालची मोकळी कड पाहिली. तिथे चित्रकाराची पेन्सिलीतली सही आणि ११/४० असा आकडा आहे. ते बघून त्यांचा चेहरा खुलला. चित्रकाराने एकेक रंग वेगळा चढवून फक्त चाळीसच प्रती काढल्या आणि मग ठसे मोडून टाकले, ही त्यातली अकरावी, एक्केचाळिसावी कधीच निघणार नाही, असं त्यांनी समजावलं. (तेव्हापासून बायकोला उरलेल्या एकोणचाळिसांची काळजी लागली आहे. त्यांना ऊन मिळत असेल का, म्हणते.) मग भिंग वर सरकलं. डावीकडचं नारिंगी उन्हाने विटलं आहे, पाठीवर ओलीचे डाग आहेत, निळ्यावर बोटांनी तुकतुकी आली आहे. दर डागाला त्यांचा आवाज खाली जात होता. काच कोणी काढली, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, 'मी. हात लावल्याशिवाय निळा कळतो होय?' गृहस्थांनी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

निकाल असा: बाजारात या प्रतीला आता चौकटीइतकीच किंमत येईल. सांगताना मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

गुडघ्यांना जप. सर्वांचा नमस्कार.

तुझा,
भाचा

ता. क. एवढ्याशा किमतीसाठी चित्र तिकडे न्यायची दगदग तू कशाला करतेस? इथेच राहू दे. तू आलीस की आई तुला तिची खुर्ची देईल. (तिला अजून विचारलेलं नाही.)

आणखी एक ता. क. बायको म्हणते, आत्यांना पूर्ण लिहा. तर लिहितो. भिंग पिशवीत टाकल्यावर ते गृहस्थ निघता निघता मागे वळले आणि त्यांनी पहिल्यांदाच सगळं चित्र एकदम पाहिलं. चहा निवला तरी हलेनात. मग दाराशी हळू आवाजात म्हणाले, दुकानासाठी नाही, माझ्या घरासाठी हवंय; डाग नसलेल्या प्रतीची पूर्ण किंमत देतो. माझ्या तोंडून निघून गेलं की आत्या विकायला तयार नाही. बायकोने मान डोलावली. आणि तुझी वहिनी, जिने जन्मात तुझी बाजू घेतली नाही, ती म्हणाली, 'आमच्या वन्सं एकदा नाही म्हणाल्या की नाहीच.' ते तुला फोन करणार आहेत. तुझा नकार आम्ही तिघांनी कळवला आहेच. आता तेवढा तू दे.