सतरावा वेढा

९ डिसेंबर

आज एका प्रबंधानं माझी साडी फाडली. अलंकारिक नव्हे, खरोखर! स्पायरल बायंडिंगची तार, टोक आत वळवायची तसदी कुणी घेतलेली नाही, आणि माझी नारायणपेठ पदरापासून चांगली वीतभर. भरपाई मागायची तर विद्यापीठ अर्जही तीन प्रतींत, स्पायरल करूनच मागेल.

फाडणारीचं नाव दिपमाला. धुळ्याची संशोधक विद्यार्थिनी. मार्गदर्शक आमचा अभिमन – वयानं माझ्याहून पाच वर्षं लहान, खुशामतीत पन्नास वर्षं मोठा. १८ तारखेला धुळ्याला समिती, त्यात मी. मुलीची नोंदणी ३१ ला संपते. आम्ही प्रबंध परत केला तर तिची सहा वर्षं पाण्यात.

अभिमनचा फोनही आला. "अक्का, बठ्ठं बराबर शे. तुम्ही फक्त सही करा."

सगळं बराबर आहे असं सांगणाऱ्याचं काहीच बराबर नसतं.

१० डिसेंबर

विषय मात्र माझाच. केळीत एक प्रथिन असतं, मररोगाची बुरशी ओळखणारं. त्यात चोवीसेक अक्षरांचा – एक अमिनो आम्ल म्हणजे एक अक्षर – एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि सगळं मिळून स्प्रिंगसारखं गुंडाळतं. एका तुकड्याचा एक वेढा. या स्पायरलसारखंच, फक्त साड्या फाडत नाही. आतल्या बाजूची अक्षरं सहसा बदलत नाहीत; बदलली की वेढा उसवला. बाहेरची बदलत राहतात, कारण बाहेर बुरशी आहे आणि तीही बदलते. वेढे वाढतात कसे? बी धरण्याआधी, जोडीतल्या दोन प्रती आपसात तुकडे बदलतात तेव्हा. तुकडे इतके सारखे की जुळणी एक घर सरकते – एका प्रतीत एक वेढा जास्त, दुसरीत एक कमी. नवा जुळा आधी अक्षरन् अक्षर सारखा. मग लाखो वर्षांत भावंडं एकमेकांना ओळखेनाशी होतात. बागेतली केळी बिचारी मुनव्यांवर, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या कोंबांवर, नाहीतर टिश्यू कल्चरवर वाढते, बी नाही, म्हणून तिच्यात ही घुसळण जवळजवळ बंदच. बघायची तर रानकेळ.

यावलच्या वरच्या जंगलातल्या रानकेळीत सतरा वेढे, त्यातला नववा आणि दहावा तंतोतंत एक – म्हणजे अगदी नुकताच जन्मलेला वेढा! – हा माझा २००४ चा शोध. त्याच्यावर माझी पीएचडी, माझी बढती, मेहरूणचा फ्लॅट. दिपमालाच्या तक्त्यातही सतरा. पान ६१ वर मी 'दूरदृष्टीची संशोधिका'.

शी! गुळात बुडवलेल्या बोटांनी टाइप केल्यासारखं. वाचून जरा बरं वाटलं, त्याची किळस वेगळी.

१२ डिसेंबर

पान ८८. एकच परिच्छेद तीनदा, तिसऱ्या वेळी स्वल्पविराम बदलून. पुनरावृत्ती आहे. उत्क्रांती नाही.

१४ डिसेंबर

परिशिष्ट कुणी वाचत नाही, म्हणून मी वाचते. तिथं रानकेळीची मूळ अक्षरं. पेन्सिलीनं खुणा करत मोजले वेढे. सोळा! चष्मा पुसून मोजले. सोळा. चार झाडं, चारही सोळा – आणि तक्त्यात सतरा. माझी झाडं वेगळी असतील. तुझे सोळा आले तर सोळा लिही ना बाई! माझा आकडा उचलून चिकटवला आणि चोरीचा पुरावा मागच्या पानांत शिवून दिला. धड चोरीसुद्धा येत नाही यांना.

परत पाठवणार.

१८ डिसेंबर, धुळे

समितीत पाच जण. चौघांचं लक्ष शेवभाजी कधी येते याकडे. मी परिशिष्ट उघडलं. "इथं सोळा, तक्त्यात सतरा. एक वेढा आणला कुठून?"

दिपमालानं अभिमनकडे बघितलं. अभिमननं पंख्याकडे.

"अक्का, तुमनाच आकडा शे तो!"

"माझा आहे म्हणूनच विचारतेय."

मग मुलगी बोलली. आवाज बारीक, पण सरळ. "मॅडम, माझे सोळाच आले होते. तुमच्या नोंदीतल्याच ओढ्याकाठची झाडं घेतली होती. सर म्हणाले, समितीत कोण बसणार आहे ते बघ, आणि सतरा कर."

अभिमन चक्क हसला. "पोर शे, अक्का. तिले काय समजस! मोठ्यांचा मान ठेवना पडस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "तेव्हा माझ्या टायपिंगवालीनं घोळ घातला असेल. घरी हस्तलिखित आहे, बघून सांगते."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. "या टायपिंगवाल्या म्हणजे ना, मॅडम!" मीही हसले. निर्णय २२ ला. दिपमाला हसली नाही, ती ३१ तारीख मोजत होती. शेवभाजी आली. मी दोनदा वाढून घेतली.

१९ डिसेंबर

माळ्यावरची ट्रंक उतरवली. कॉलेजातल्या मोठमोठ्या माणसांना वाळवी लागली, या कागदांना नाही.

पान ४३ च्या तळाशी नववा वेढा. पान उलटलं – ४४ च्या वर पुन्हा तोच. माझं अक्षर. माझी निळी शाई. ओळी सारख्या दिसतात, पान उलटताना नजर घसरली, एवढंच! नुकताच जन्मलेला वेढा म्हणे. त्याच्यावर वीस वर्षं लोकांनी लेख लिहिले, एकानंही परत मोजलं नाही. मोजलं ते धुळ्याच्या एका पोरीनं, आणि तिला आम्ही गप्प केलं.

तिच्याही आधी एकीनं बघितलं होतं. समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, टायपिंगवाल्या कनीजनं लिहिलंय: "मॅडम, ही ओळ दोनदा आली आहे का?"

खाली लाल शाई. तीही माझीच.

"शंका काढू नका. जसं आहे तसं टाइप करा."

दर रविवारी पेपरातल्या माझ्या सदरात जगाच्या चुका काढते मी. आणि काल हसत हसत दोष कुणाच्या गळ्यात घातला! अभिमनची किळस येत होती मला. अभिमनची!

२१ डिसेंबर

बसस्टँडमागे कनीजचं दुकान आहे अजून. आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. दोन पत्रं टाइप करायला दिली. एक समितीला: दिपमालाचे सोळा बरोबर आहेत, प्रबंधात सोळाच असावेत, ३१ च्या आत स्वीकारावा. दुसरं माझा लेख छापणाऱ्या संपादकांना: सतरावा वेढा नाहीच, एक ओळ माझ्या हातून दोनदा उतरली, २००४ साली कनीज पिंजारी यांनी ती दाखवून दिली होती, मी ऐकलं नाही.

स्वतःच्या नावापाशी तिची बोटं थांबली.

"मॅडम, ही ओळ... राहू द्यायची?"

"जसं आहे तसं टाइप करा."