सम तारखेचा आत्मविश्वास

२ फेब्रुवारी, सकाळ
सलग अकरावी मॅच हरलो. म्हणजे मुली हरल्या, मी बाकावर होतो. प्राचार्यबाईंनी बोलावून घेतलं. चौदा तारखेच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या व्हॉलीबॉलच्या मुलींनी एक तरी मॅच जिंकली नाही, तर संघ बंद. आणि प्रशिक्षकाची जागाही बंद. अगदी शांतपणे बोलल्या. शांतपणे बोलणाऱ्या माणसांची मला भीती वाटते.
निघताना म्हणाल्या, तुमच्यात आत्मविश्वास फार आहे की अजिबात नाही, तेच मला कळत नाही. मलाही कळलं नाही, पण मान हलवली.

३ फेब्रुवारी, सकाळी ६
उपाय सापडला. नम्रता आणि आत्मविश्वास एकाच दिवशी वापरायला जातो, म्हणून घोळ होतो. आजपासून विषम तारखांना नम्रता, सम तारखांना आत्मविश्वास. मॅच चौदाला, म्हणजे सम. तारीखसुद्धा माझ्या बाजूची आहे.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आज नम्रता असेल तर भांडी घासून जा. घासली.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
मुलींना म्हटलं, माझंही काही चुकत असेल, मोकळेपणाने सांगा. वाटलं होतं, नाही हो सर, तुमचं कुठे काय, असं म्हणतील. पंचवीस मिनिटं सांगत होत्या. कप्तानने तर वही आणली होती.
मुख्य तक्रार चिठ्ठीची. प्रत्येक सेटआधी, सहा जणींपैकी कोण कुठे उभी राहणार, ते चिठ्ठीवर लिहून पंचांना द्यायचं असतं. एकदा दिली की बदलता येत नाही. मी म्हणे ऐन वेळी मनाला येईल तसे नंबर लिहितो आणि कुणाला सांगत नाही. नम्रपणे ऐकून घेतलं. चिठ्ठीशिवाय प्रशिक्षकाच्या हातात असतं काय?

४ फेब्रुवारी
सम. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: चिठ्ठी प्रशिक्षकच लिहील. तासभर ओरडलो. घसा बसला. आता मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

७ फेब्रुवारी
विषम. सराव कप्तानला घेऊ दिला. मी बॉल गोळा केले. सराव फार छान झाला. योगायोग.

८ फेब्रुवारी
सराव मी घेतला. राखीव मुलीचा पाय मुरगळला. आता बरोबर सहा उरल्या. लागतातही सहाच. घाबरण्यासारखं काही नाही.

११ फेब्रुवारी, दुपार
बायको म्हणाली, गेली जागा तर जाऊ दे, काहीतरी करू. तिला काय सांगू? मला दुसरं काही येत नाही. हेही नीट येत नाही. (विषम तारीख आहे म्हणून लिहिलं.)

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
कप्तानला शब्द दिला. उद्याच्या चिठ्ठ्या तू लिही, मी फक्त सही करीन. ती थँक यू सर म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. साहित्यखोलीत जाऊन जाळ्याच्या गुंडाळीवर बसलो आणि चक्क रडलो. जिंकू दे त्यांना. माझं काय व्हायचं ते होवो. नाही, माझंही बरं होवो.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७
सम. आरशासमोर उभा राहून तीनदा म्हटलं, मी विजेता आहे. बायकोने आतून विचारलं, कोण आलंय?

१४ फेब्रुवारी, सकाळी ११.४०, पार्किंग
पहिला सेट आम्ही घेतला. पंचवीस-तेवीस. चिठ्ठी कप्तानची, सही माझी. मला वाटलं, सहीतच काहीतरी आहे.
दुसऱ्या सेटची चिठ्ठी तिने सहीला दिली. मी दोन नंबरांची अदलाबदल केली. आमची सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळ्या शिडी म्हणतात, ती जाळ्यापासून लांब, मागच्या रांगेत गेली. समोरच्या संघाला चकवायचा बेत होता. चकल्या आमच्याच. पंचाने चिठ्ठीप्रमाणे उभं राहायला लावलं. बदलायला राखीव मुलगी नाही. पंचवीस-नऊने हरलो.
कप्तानने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण तारीख सम. पंचाला म्हटलं, तुम्ही चिठ्ठी चुकीची वाचलीत. त्याने माझं अक्षर मलाच दाखवलं. मी म्हटलं, तरीही. पिवळं कार्ड. मग लाल. मग त्याने एका हातात लाल आणि दुसऱ्या हातात पिवळं धरलं. म्हणजे मॅच संपेपर्यंत हॉलबाहेर.
तिसरा, शेवटचा सेट चालू आहे, पंधरा पॉइंटांचा. मी कुणाच्या तरी स्कूटरवर बसलोय. आतून शिट्ट्या ऐकू येतात, ओरडा ऐकू येतो, स्कोअर नाही. प्रत्येक ओरडा त्यांचाच वाटतो. देवा, यापुढे सम तारखांनाही नम्र राहीन. महिनाभर राहीन. फक्त पंधरा पॉइंट दे.

१४ फेब्रुवारी, दुपारी १२.०५
आमच्या बसचा ड्रायव्हर हॉलमधून बाहेर आला. पोरींनी मॅच मारली म्हणाला, पंधरा-अकरा. शिडीने शेवटचे चार पॉइंट एकटीने काढले. मग विचारलं, तुम्ही नव्हता का आत?

१५ फेब्रुवारी
प्राचार्यबाईंनी अभिनंदन केलं. संघ राहिला. जागा राहिली. माझे डोळे भरून आले. मग त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. खाली सहा सह्या. यापुढे मॅचच्या दिवशी चिठ्ठी कप्तान देईल आणि सर काल जिथे बसले होते तिथेच त्यांनी बसावं, ही नम्र विनंती. बाईंनी मंजूर केला होता.
पार्किंगमध्ये सावली नाही, एवढंच म्हणालो. खुर्ची ठेवायला सांगते, म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी
संध्याकाळी कप्तान शोधत आली. म्हणाली, सर, उद्या सहाला सरावाला याल ना? छाती भरून आली. म्हटलं, माझ्याशिवाय चालेल का तुमचं?
नाही ना चालणार, ती म्हणाली, साहित्यखोलीची किल्ली तुमच्याकडेच असते.
चिडवत नव्हती. खरंच विचारत होती. खिसा चाचपला. किल्ली होती.
उद्या पावणेसहालाच जातो.